सायाळीची वीस पाने

पळसाच्या एका जंगलात एक छोटी सायाळ आपल्या आईबरोबर बिळात राहत असे. पोर मोठी अभ्यासू, पण डोक्यात एकच ध्यास : पानगळ सुरू होण्याआधी मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळवायचा. जंगलात अशी वीस विद्यापीठे होती. गरुडाचे कड्यावर, मगरीचे डोहात, वाघाचे गुहेत, आणि अशीच आणखी. प्रत्येकाच्या दारात शंभर पिल्ले उभी राहत आणि पाचच आत जात. ज्याला कुठेच जागा मिळत नसे, त्याला वर्षभर घरी बसावे लागे. त्या नुसत्या विचारानेही सायाळीचे काटे खुळखुळत.

चिंचेवरच्या कावळ्याला आकडेमोडीची भारी हौस. सायाळ त्याच्याकडे गेली. "कावळेदादा, खरं सांगा, माझी निवड होण्याची शक्यता किती?"

"शंभरात पाच," कावळा म्हणाला. पोरीचा चेहरा उतरलेला पाहून त्याने घाईघाईने चोच पुसली. "अगं, घाबरतेस काय? वीसही ठिकाणी अर्ज कर. वीस पाचे शंभर. म्हणजे शंभरात शंभर झाले की नाही?"

सायाळ टुणकन उडालीच. मुलांनो, हसू नका. परीक्षेच्या दिवसांत असे हिशेब तुम्हीही केले असतील.

सायाळ पाने गोळा करून अर्ज लिहायला बसली. आई म्हणाली, "एक पान ओढ्याकाठच्या म्हैसबाईंनाही पाठव गं. चाळीस येतात, तीस घेतात. शिकवतातही छान."

"आई, तिथं कुणीही जातं!"

आईने स्वतःचे गळालेले चार काटे लेकीपुढे ठेवले. "यांनी लिही. तुझे बोथट होतील," एवढेच ती म्हणाली.

सायाळीने पहिल्या पानावर लिहिले, 'लहानपणापासून आपल्या उत्तुंग कड्यावर शिकण्याचे माझे स्वप्न आहे. मी कष्टाळू, हुशार आणि सर्वगुणसंपन्न आहे.' वाक्ये तिला इतकी आवडली की, तिने तीच उरलेल्या एकोणीस पानांवर उतरवून काढली. डोहातल्या मगरीने म्हणे तिचे पान दोनदा वाचले आणि आजूबाजूला कडा कुठे दिसतो का, ते पाहिले.

नकार एकेक करून आले. विसावा आला त्याच दिवशी पळसाचे पहिले पान गळले. "वीस पाचे शंभर होते ना?" सायाळीने रडत विचारले. "पाढा बरोबर आहे," असे पुटपुटत कावळा उडून गेला.

आईने तिला जवळ घेतले, काट्यांची पर्वा न करता. "अगं, एकानं ज्यांना घेतलं, त्यांनाच बाकीच्यांनीही बोलावलं. आणि तू वीस ठिकाणी गेलीस, पण पान एकच घेऊन. ते पहिल्याला आवडलं नाही, तर विसाव्याला कसं आवडणार?"

दुसऱ्या दिवशी सायाळ एकटीच ओढ्याकाठी गेली. म्हैसबाई चिखलात बसून रवंथ करत होत्या.

"इतक्या उशिरा?" त्यांनी विचारले.

"वीस ठिकाणी नाही म्हणाले, म्हणून आले," सायाळ म्हणाली. या वेळी पाठ केलेले काही तिच्याजवळ नव्हते.

"बरं. घरी काय करतेस?"

"कंद उकरते. अर्धा खाते आणि कोंबाकडचा अर्धा परत पुरते. मग पुढच्या वर्षी तिथंच नवा येतो. आमच्या बिळाभोवती आता तेरा जागा झाल्यात."

म्हैसबाईंचा रवंथ थांबला. "कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. एकदा पोट भरलं म्हणून तुकडा पुरला, तो उगवला. मग करून बघत गेले."

"आणि हे त्या पानांवर लिहिलं होतंस?"

"त्यात काय लिहायचं, बाई? ते तर मी रोजच करते."

म्हैसबाईंना हसू आले आणि पोरीबद्दल मायाही वाटली. "बाळ, हे लिहिलं असतंस तरी गरुड कदाचित नाहीच म्हणाला असता. त्याच्या कड्यावर जागाच पाच. पण मग तो नकार तुला मिळाला असता. आता मिळाला, तो त्या पानाला. तुझी नि त्याची अजून भेटच झालेली नाही."

सायाळ एक पाऊल पुढे सरकली. "मग... तुम्ही घ्याल मला?"

"एक जागा आहे. उद्या येताना एक कंद घेऊन ये. तो कसा पुरायचा, ते आधी मला शिकव."

सायाळीचे काटे पुन्हा खुळखुळले, पण आज भीतीने नव्हे. ती घराकडे धावत सुटली. फार धावावे लागले नाही. आई वाटेतच पळसाआड उभी होती.

तात्पर्य : जिथे जागा मोजक्या आणि येणारे अनेक, तिथे नकार कुणालाही येऊ शकतो, म्हणून अर्ज जरूर करावा, पण त्यात आपण स्वतः असावे, आणि जवळच्या चांगल्या दाराला कधी कमी लेखू नये.