राजाने नेलेला शब्द

एका राज्यात सूर्य राजाला विचारून उगवत असे. निदान भाट तसे गात असत. राजाचे नाव सहस्रभानू. तो सूर्याच्या पोटी जन्मला, असे ते सांगत. आणि ज्यांनी त्याच्या बापाला मेंढरे वळताना पाहिले होते, ते माना खाली घालून ऐकत.

पूर्वी तो दगडोजी होता. एका लहान गढीचा मालक. तशा गढ्या डोंगरोडोंगरी होत्या आणि कोणी कोणाला भीत नव्हते. मग त्याच्याकडे धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला.

"तलवारीने किती गावे घेशील?" मांत्रिक म्हणाला. "मी तुला एक शब्द आणून देतो. गावे आपोआप येतील."

मांत्रिकाने मंत्र म्हटला. त्यासरशी साऱ्या माणसांच्या तोंडातून 'आम्ही' हा शब्द निघून गेला. 'आमचे' आणि 'आम्हाला' हेही त्याच्यामागे गेले. त्या शब्दाची एक काळी मैना झाली. दगडोजीने तिला सोन्याच्या पिंजऱ्यात कोंडले. त्या दिवसापासून राज्यात एकच माणूस 'आम्ही' म्हणू शके.

केवढी ही चोरी! सोने नेले असते तर लोकांनी आरडाओरडा केला असता. शब्दच गेला, तर ओरडायचे काय म्हणून?

पाणसळ नावाचे एक तळे होते. तीन वाड्यांची शेते त्यावर पिकत. तळे कोणाचे, असे विचारले तर सगळे मिळून एकच उत्तर देत. आता ते उत्तर तोंडात येईना.

एक म्हणाला, "तळे माझे."

दुसरा म्हणाला, "तुझे? तुझ्या बापाने खणले काय?"

"मग काय तुझ्या सासऱ्याने?"

काठ्या निघाल्या. तेवढ्यात राजाचा सरदार घोड्यावरून आला, जणू झाडामागेच उभा होता. "भांडता काय? भांडण मिटवतो. तळे सरकारजमा." आणि तळ्याचे पाणी सोडायच्या मोरीवर राजाची मोहर बसली. अशीच गावे गेली, राने गेली, घाट गेले. राजाची तलवार म्यानातच राहिली.

मग राजाने गढ्यांच्या मालकांना राजधानीत बोलावून घेतले. एकाच्या हाती चवरी दिली, एकाच्या हाती पिकदाणी, एकाच्या हाती जोडे. घरी वाघासारखे वावरणारे ते लोक आता राजाचे जोडे कोणी धरायचे, यावरून एकमेकांचे गळे धरू लागले.

पुढे एका उन्हाळ्यात पाणसळची पिके करपू लागली. तेव्हा राणबा नावाच्या तरुणाने मोहर फोडून मोरी उघडली. त्याला बांधून नेले. राजा चक्रवर्ती म्हणून सिंहासनावर बसेल त्या दिवशी याचा कडेलोट, असे ठरले. राणबाची थोरली बहीण हंसाई दरबारात जाऊन उभी राहिली.

"भावाला सोडा, महाराज. त्याने पाणी पिकाला दिले. चोरले नाही."

"आम्ही तीन कामे सांगू," राजा म्हणाला. "केलीस तर भाऊ तुझा. चुकलीस तर त्याच्यामागून तूही. पहिले काम: आमच्या हद्दीबाहेरची मूठभर माती आण."

हंसाई चालत हद्दीपाशी गेली. तशी हद्दीचे दगड तिच्यापुढे चालू लागले. ती थांबली की ते थांबत, ती निघाली की ते निघत. शेवटी एक म्हातारा दगड धापा टाकत बसला.

"दमलो गं पोरी. कायम पुढेच चालायचे. धनी काही बसू देत नाही."

"बाबा, तुमच्या अलीकडे राजाची माती, पलीकडे दुसऱ्याची. तुमच्या खालची कोणाची?"

दगड विचारात पडला. "हे कोणी विचारलेच नाही," म्हणाला, आणि कुशीवर वळला. तिने मूठ भरून घेतली. दरबारात मांत्रिकाने ती माती हुंगली. तिला राजाचा वास नव्हता. त्याला मान डोलवावी लागली.

"दुसरे काम," राजा म्हणाला. "ज्याच्या हाती काहीच नाही असा माणूस आमच्या दरबारात दाखव."

सगळ्यांनी आपापली चवरी, पिकदाणी आणि जोडे घट्ट धरले. हंसाई वाकून म्हणाली, "ते आपणच, महाराज. पिकदाणी दुसऱ्याच्या हाती, जोडे दुसऱ्याच्या हाती, आणि राज्य मांत्रिकाच्या हाती."

पिकदाणीवाला फिसकन हसला आणि त्याने तोंड पिकदाणीत लपवले. राजाने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. त्यांत काहीही नव्हते.

तो संतापला. "तिसरे काम! या मैनेकडून तुझ्यासाठी 'आम्ही' वदवून घे. आमच्या अभिषेकाच्या दिवशी, सगळ्यांसमोर."

तो दिवस आला. तटाखाली लोक दाटले होते. राणबाला कड्याच्या टोकावर उभे केले होते. हंसाईने पिंजऱ्यापुढे तोंड उघडले. "आ..." पुढे काही येईना.

"अक्का, घरी जा," राणबा ओरडला. "माझ्यापायी मरू नकोस."

"गप रे. सदा मध्ये बोलतोस."

मांत्रिकाची एक चूक झाली होती. 'आपण' हा शब्द त्याने लोकांकडे राहू दिला होता, कारण राजापुढे वाकताना तो लागतो. नुसत्या वाकण्यासाठी तो इतका वापरला गेला, की त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही मावतात, हे सगळे विसरले होते.

हंसाईने राजाकडे पाठ केली. लोकांकडे बघून ती म्हणाली, "आपण."

लोक गोंधळले. ही मुजरा कोणाला करते आहे? ते मागे वळून पाहू लागले.

"मागे काय बघता? तुम्ही आणि मी. आपण! तळे आपण खणले. मोरी आपण उघडत होतो. आता माझा भाऊ खाली पडताना आपण बघत राहायचे?"

मग जोडेवाला सरदार चाचरत म्हणाला, "आपण..." आणि त्याने जोडे जमिनीवर टाकले. चवरी पडली. पिकदाणी घरंगळली. तटाखालून तोच शब्द वर चढू लागला.

मैनेने मान उचलली. हा आवाज तिच्या नात्यातला होता. "आम्ही!" ती ओरडली. "आम्ही इथे आहोत!" सोन्याच्या सळ्या मेणासारख्या वाकल्या. मैनेची पिसे पिसे झाली, आणि एकेक पीस एकेकाच्या ओठांवर बसून विरघळले.

"आम्ही याला घरी नेतो," लोक म्हणाले.

"आम्हीच सोडतो त्याला," दोर धरणारे शिपाई म्हणाले, आणि त्यांनी गाठी सोडल्या.

राजाने तोंड उघडले. "आ... आ..." मग म्हणाला, "मी." आवाज अगदी बारीक होता. मांत्रिक धूर होऊन तटावरून निघून गेला. हद्दीचे दगड कण्हत कण्हत आपल्या जागी परतले. सरदार आपापल्या गढीला गेले आणि घरच्यांपुढे बरेच दिवस मान वर करू शकले नाहीत.

पाणसळच्या तळ्यावर तिन्ही वाड्या जमल्या.

"पाणी आधी वरच्या वाडीला!"

"का? वरची माणसे काय आभाळातून पडली?"

"बसून भांडा रे," हंसाई म्हणाली.

ते बसले आणि जोरजोरात भांडू लागले. राणबा मोरीवर हात ठेवून निवाड्याची वाट बघत होता. वाटेने एक परका घोडेस्वार चालला होता. त्याने लगाम खेचला आणि गोड आवाजात विचारले, "भांडण मिटवून देऊ का?"

सगळे एकदम वळले. "नको," ते म्हणाले. "भांडण आमचे आहे."