ढाराढूर झोपलेला पैसा

कराडच्या ज्येष्ठ नागरिक संघात बिल्डर रणधीरराव जाचक भाषणाला उभे राहिले, तेव्हाच कुमुदताई उपळेकरांनी ताडलं, की साजूक तुपातला एवढा शिरा कुणी उगाच वाटत नाही.

"बँकांचं व्याज पार तळाला गेलंय," रणधीरराव गरजले. "तुमचा पैसा तिथं ढाराढूर झोपलाय. त्याला उठवा. माझ्या कंपनीचे शेअर घ्या, नाहीतर नव्या टॉवरमधला फ्लॅट घ्या. भित्र्यांच्या घरी लक्ष्मी नांदत नाही."

टाळ्या पडल्या. कुमुदताईंच्या यजमानांनी तर आयुष्यभराची ठेव मोडायचं ठरवून, फ्लॅटच्या अर्जावर सही करायला पेनही उघडलं. तशा कुमुदताई उठल्या.

"रणधीरराव, हा टॉवर तुम्ही स्वतःच्या पैशानं बांधताय?"

"छे, बँकेच्या कर्जातून," ते ऐटीत हसले. "कर्ज इतकं स्वस्त असताना स्वतःचा पैसा कोण घालतो?"

"आणि बँकेकडे पैसा कुठून येतो?"

"ठेवीदारांकडून," रणधीरराव म्हणाले, पण आता आवाज जरा खाली आला होता.

"म्हणजे आमचा पैसा झोपलेला नाही. तो तुमच्याच टॉवरवर विटा वाहतोय, मजुरी तेवढी कमी मिळते. आणि आता त्याच मजुरानं तोच टॉवर दामदुपटीनं विकत घ्यायचा. मग यात तुमचं स्वतःचं असं काय आहे?"

यजमानांनी पेनाला टोपण लावलं, हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले,

"शिरा."