पहिलं पाणी शेवटच्या बांधाला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की आमच्याकडच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसानंही ती ऐकलेलीच आहे, पाहिलेली नाही. खानदेशात वारुळपाडे नावाचं एक गाव होतं. गावाला नदी होती. फार मोठी नव्हे, पण पौष सरेपर्यंत वाहती असायची. कुणा शहाण्या पूर्वजांनी तिच्यात दगडी बंधारा घातला होता आणि त्या बंधाऱ्यापासून दीड कोस लांबीचा मातीचा पाट काढला होता. पाटाखाली गव्हाची जमीन चार फडांत वाटलेली होती. फड म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या शेतांचा मोठा तुकडा. फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणी आपल्या हातानं फोडून घ्यायचं नाही. ते द्यायचं पाटकऱ्यानं.

आता पाणी देणारा एक आणि घेणारे सगळे असले, तरी पाणी बिचारं वरूनच येणार. पहिला फड बंधाऱ्याला खेटून होता. त्याचं पोट भरलं की दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. चौथा फड पार टोकाला, जिथं पाट चिमणीच्या चोचीएवढा बारीक व्हायचा. तिथं अकरा घरांची शेती होती. तिथवर पाणी पोहोचायचं ते गहू माना टाकू लागल्यावर, आणि काही वर्षी पोहोचायचंच नाही.

या पाटाची पाटकरीण होती सुपडाबाई. नवरा पाटकरी होता. तो गेला, त्याचं फावडं तिच्या हाती आलं, आणि गावानं नाक मुरडत का होईना ते चालवून घेतलं, कारण पाणी तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. असं म्हणतात, की पाटाच्या काठावर तळवा टेकवला की पाणी कुठल्या वळणावर पोहोचलंय ते ती सांगायची. चाळिशी उलटलेली, अंगानं काटक, बोलायला फटकळ. खोटं मात्र ती जन्मात एकाच बाबतीत बोलली होती, आणि तेच तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

झालं असं होतं, की आदल्या हिवाळ्यात चौथ्या फडातले उखाआप्पा तिला रोज विचारायचे, पाणी कधी? आणि ती सांगायची, उद्या येईल. अकरा घरांनी तिच्या शब्दावर वाफे नीट केले, पाण्याचे दंड उकरून ठेवले, आणि दिवसच्या दिवस काठावर बसून काढले. पाणी आलं नाही. गहू जागच्या जागी वाळला. उखाआप्पा तिला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वर्षभर वाटत राहिलं.

पुढल्या मार्गशीर्षात पाट सोडण्याआधी पंच चावडीवर बसले आणि त्यांनी ठरवूनच टाकलं, की चौथा फड पाटातून वगळायचा. पहिल्या फडाचे दगाजी पाटील म्हणाले, टोकाला पाणी नेणं म्हणजे नुसती नासाडी आहे, तेवढ्यात वरचे तिन्ही फड दोनदा भिजतील. हिशेबाला ते बरोबर दिसत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अकरा घरांची माणसं एका कोपऱ्यात बसून होती. पाटातून नाव गेलं की ती जमीन माळच होणार, आणि माळावर कोण राहतं? गाडीत सामान भरायचं त्यांनी मनात धरलंच होतं.

तेव्हा सुपडाबाई उठली. ती म्हणाली, मला एक दिवस द्या. सूर्य उगवताना पाट सोडते, मावळायच्या आत पाणी शेवटच्या बांधाला लावते. नाही लागलं तर फड वगळा आणि माझं फावडंही ठेवून घ्या. पण माझी एक अट आहे.

"पहिलं पानी शेवटला फडले," ती म्हणाली. "मंग तुमले."

चावडीत हसू फुटलं. पाणी उलटं वाहवणार का, असंही कुणीतरी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, पाणी वाहायचं तसंच वाहू दे, मी फक्त वरच्या सगळ्या मोऱ्या बंद ठेवणार. टोक भिजेपर्यंत कुणाच्याही वाफ्यात थेंब जायचा नाही. दगाजींनी विचार केला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आणि हिच्यानं काही ते होत नाही. ते हो म्हणाले.

आणि तो दिवस उजाडला! काय सुरेख दिवस होता! थंडी होती, पण बोचरी नव्हती. खांद्यावरची घोंगडी न्याहारीपर्यंत पुरे, मग उन्हात पाठ दिली की झालं. सुपडाबाईनं काष्टा खोचला, नदीला हात जोडले आणि बंधाऱ्याची फळी उचलली. पाणी खळाळत पाटात उतरलं, आणि ती कोरड्या पाटातून त्याच्यापुढे धावत सुटली. तळव्यांखाली रेती गार लागत होती, मागून पाण्याची सळसळ येत होती, आणि वर्षभर छातीवर बसलेला दगड पहिल्यांदाच हलल्यासारखा तिला वाटला. भीतीही वाटत होतीच. पण पाय काही ऐकेनात.

"पानी उनं!" ती ओरडत होती. पाणी आलं, बाजूला व्हा!

आता कोरडा पाट म्हणजे गावाचं दुसरं अंगणच. कुणी त्यात म्हैस बांधलेली, कुणी वाकळी वाळत घातलेल्या. दुसऱ्या फडाजवळ तर बायांनी वारा लागू नये म्हणून पाटातच कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला घातली होती. सुपडाबाई येताना दिसली आणि एकच धांदल उडाली. म्हैस ओढली, वाकळी उचलल्या, वांगी पदरात घेऊन बाया काठावर चढल्या, आणि त्यांच्या पायांखालून पाणी निखाऱ्यांवर चर्र करत पुढे गेलं. असं म्हणतात, की ते वाहत नव्हतंच, वासरू गाईमागे धावावं तसं तिच्या मागे धावत होतं.

आणि मग गंमत झाली. पहिल्या फडाची माणसं काठावर हातावर हात धरून बसली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत पाटाच्या कडेला खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागलं. एरवी त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आपलं शेत भिजलं की पुढे बीळ असो नाही तर विहीर. पण आज टोक भिजल्याशिवाय त्यांना थेंब मिळणार नव्हता, आणि त्यांचाही गहू तहानलेला होता. गळणारा एकेक थेंब आज त्यांच्याच वाट्याचा उशीर होता. एकानं उडी मारून बीळ बुजवलं. दुसऱ्यानं पाटात अडकलेला पाला ओढून काढला. बघता बघता पहिला फड पाटात उतरला, मग दुसरा, मग तिसरा. पन्नास-पन्नास पावलांवर माणूस उभा राहिला. स्वतःच्या गव्हासाठीच, हे खरं. पण उभा राहिला. दगाजी पाटील तर सगळ्यांच्या पुढे. धोतर वर खोचून ते सुपडाबाईच्या मागोमाग पळत होते आणि वाटेत दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा पाणी आसरांच्या वळणाशी आलं. तिसऱ्या फडाखाली, चौथ्याच्या वर हे वळण होतं. तिथं काठावर सात शेंदरी दगड होते, आणि पाटाच्या तळाशी एक भगदाड होतं. बहुतेक पाणी तिथं गडगड करत आत जायचं आणि खाली ओढ्यातून नदीला परत मिळायचं. ना कुणाच्या शेताला, ना कुणाच्या गुराला. पण गाव म्हणायचं, पाण्यातल्या देवी, साती आसरा, इथं पाणी पितात. म्हणून दरवर्षी तिथं नारळ वाढवायचा, हळदीकुंकू वाहायचं आणि भगदाडाला हात लावायचा नाही. वरचे तिन्ही फड वळणाच्या वरच असल्यामुळे आसरा किती पितात ते मोजायची गरज कुणाला पडली नव्हती.

आज पडली. पाणी आलं, भोवऱ्यासारखं फिरलं आणि गडप झालं. पुढचा पाट कोरडाच. माणसं जमली, पण कुणी हात लावेना. सूर्य बाभळीच्या शेंड्याला आला होता. सुपडाबाईनं त्या सात दगडांकडे पाहिलं. नवऱ्याबरोबर तिनं वीस वर्षं इथं नारळ वाढवला होता, तिलाही धीर होईना. मग तिला टोकाला बसलेली अकरा घरं आठवली. ती गुडघ्यांवर बसली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते आमच्याकडे अजून सांगतात.

"आसरा पानीमा ऱ्हातस," ती म्हणाली. "पानीच पयी गयं ते त्या ऱ्हातीन कोठे?"

पाणीच पळून गेलं, तर त्या राहतील कुठे? खरंच की! ज्यांचं घर पाण्यात, त्या आपल्या घराला भोक कशाला ठेवतील? आपणच आसरांचं घर इतकी वर्षं गळकं ठेवलं आणि वर नारळ वाढवत बसलो. असं म्हणतात, की त्या क्षणी काठावरच्या सातही दगडांना घाम फुटला आणि पाण्यातून बायकांच्या हसण्याचा आवाज आला.

माती आणायला माणसं पळाली. पण माती यायला वेळ लागणार, आणि तोवर पाणी जाणार. तेव्हा दगाजी पाटलांनी डोक्याचं पागोटं काठावर ठेवलं, ते पाटात उतरले आणि त्या भगदाडात बैठक मारून चक्क बसले. आडदांड गडी, भोक गच्च बुजलं. पाणी छातीला लागलं. हिवाळ्याचं पाणी ते, दातांवर दात आपटू लागले.

"तू पय पुढे," ते सुपडाबाईला म्हणाले. "मी बसस आठे." तू पळ, मी बसतो इथं!

मग काय विचारता! पाणी फुगलं, वळण ओलांडून पुढे झेपावलं, आणि सुपडाबाई त्याच्यापुढे पळाली. असं म्हणतात, की सूर्य बाभळीच्या शेंड्यावर टेकला आणि तिथंच थांबला. पाखरं घरट्यांकडे निघाली होती ती अर्ध्या वाटेत गोंधळली. काही जण म्हणतात, की तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मला विचाराल तर पाय लागत होते. फोडांनी भरले होते आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

शेवटच्या बांधाशी अकरा गाड्या जुंपून उभ्या होत्या. उखाआप्पा पहिल्या गाडीच्या धुरेवर कासरा धरून बसले होते. त्यांनी धुळीनं माखलेली बाई येताना पाहिली, आणि तिच्या मागोमाग पाटातून चमकत येणारी ती बारीक रेघ पाहिली. पाणी आलं, बांधाला लागलं, वाफ्यात उतरलं. कोरड्या मातीनं सुसकारा टाकावा तसा आवाज झाला. आप्पा खाली उतरले. त्यांनी बैलांच्या मानेवरून जू काढलं आणि हळूच जमिनीवर ठेवलं.

सुपडाबाईला बोलता येत नव्हतं. श्वास जमला तसं ती एवढंच म्हणाली, "एक वरीस उशीर व्हयना, आप्पा." उशीर झाला, एका वर्षाचा.

आप्पा रडू लागले, आणि मग तीही रडली. त्यानंतरच सूर्य मावळला, असं म्हणतात.

त्या साली चारही फड भिजले. पाणी तेवढंच होतं, नदीनं काही कृपा म्हणून जास्त दिलं नव्हतं. फक्त वाटेत सांडलं नाही. सुपडाबाई पुढे पुष्कळ वर्षं पाटकरीण होती, आणि ती गेली त्या वर्षी पाटाला पाणी आपोआप सुटलं होतं, असं सांगणारेही भेटतात.

आजही वारुळपाड्यात मार्गशीर्षात पाट सोडतात तेव्हा गावातली एक बाई पाण्याच्या पुढे धावते. पहिलं पाणी शेवटच्या बांधाला लागतं, आणि मग फड टोकाकडून वर भिजत येतात. भगदाड कधीच दगडचुन्यानं बुजवलंय. तरीही त्या वळणावर पहिल्या फडाचा एक शेतकरी पाणी आल्यापासून त्यात बसतो. दरवर्षी नवा माणूस, आणि ज्याचं शेत बंधाऱ्याला सर्वांत जवळ त्यालाही पाळी चुकत नाही. बाया त्याला काठावरून गरम भाकरी आणि भरीत देतात, पोरं त्याची थट्टा करतात, तो कुडकुडत हसतो. पाऊस कमी झालेल्या सालांत सगळ्यांना ठाऊक असतं, की पाण्याची पाळी वरच्या फडापर्यंत यायची नाही, त्याचा स्वतःचा गहू यंदा कोरडाच जाणार. त्या सालीही तो बसतो. शेवटच्या बांधावरून "पानी उनं" अशी हाक निघते, फडाफडातून वर चढत त्याच्यापर्यंत येते, तेव्हाच तो उठतो. आणि ती हाक आली नाही, असं आजवर एकाही वर्षी झालेलं नाही.