बिनडागाची पाठ

घोडे आपलं खोगीर स्वतः निवडत, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका पागेत टिकली नावाची तरणी घोडी होती. स्वाराला घेऊन सात डोंगर ओलांडायचे आणि समुद्र पाहायचा, हाच तिचा ध्यास.

पागेतले म्हातारे पाठीवरचे पांढरे डाग मिरवत. खोगीर रुतून जखम झाली, की तिथे पांढरे केस उगवत. त्यालाच ते मान म्हणत. सगळ्यांत थोरल्या हैबतआबांनी टिकलीपुढे वडिलोपार्जित जरीचं खोगीर ठेवलं.

ते घालून ती टेकडीवर दौडून आली. खोगीर उतरवलं, तर पाठ घामाने निथळत होती. खांद्यांमागे मात्र दोन कोरडे ठिपके.

"बघ, घामसुद्धा भितो या खोगिराला!" आबा म्हणाले.

"भीत नाही आबा, तिथे ते दाबतंय, म्हणून घाम फुटत नाही! तुम्ही पाहिलात हे घालून समुद्र?"

"दुसऱ्या डोंगरावरून परतलो," आबा पुटपुटले. "पण मानाने परतलो!"

टिकलीने पागेतलं एकेक खोगीर घालून पाहिलं. एका साध्या, जुन्या खोगिराखाली पाठ सगळीकडे सारखी भिजली. तेच घालून, स्वाराला घेऊन ती निघाली.

ती परतली, तेव्हा म्हाताऱ्यांनी आधी तिची पाठ तपासली. "डाग कुठाय? ही गेलीच नाही!"

टिकलीने खिंकाळून अंग झटकलं. आयाळीतली समुद्राची वाळू सगळ्यांच्या नाकात गेली आणि पागा शिंकांनी दणाणली.

संध्याकाळी हैबतआबा हळूच तिच्याजवळ आले.

"टिकले, ते साधं खोगीर मला बसेल का गं?"