दिशापक्ष्यांचे बेट

फार पूर्वी शूर्पारक बंदरावर राजा अरिमर्दनाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने बंदरासमोरच्या समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, पारध्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सुवेल.

त्या बेटावर पांढरे दिशापक्षी राहत. दुसरीकडे कुठेच ते घरटे करीत नसत. कितीही दूर नेऊन सोडले तरी ते वर चढत, एक घिरटी घेत आणि थेट आपल्या बेटाकडे निघत. म्हणून बंदरातले प्रत्येक जहाज पिंजऱ्यात हे पक्षी घेऊन समुद्रात जाई. परतताना वाट चुकली की नावाडी एक पक्षी सोडीत आणि त्याच्या मागे जहाज वळवीत. पण पिंजऱ्यातला दिशापक्षी दाणा टिपत नसे. बहुतेक झुरून मरत, आणि मागे राहिलेला जोडीदार पुन्हा घरटे करीत नसे. बेटावरच्या झोपड्यांना हे ठाऊक होते. पण त्यांच्या चुली त्या पक्ष्यांवरच पेटत होत्या.

सुवेल लहानपणीच तक्षशिलेला शिकायला गेला. तिथे रोज सकाळी तो वाऱ्याकडे तोंड करून उभा राही, आणि त्या वाऱ्याला मिठाचा वास नसे. झोप लागण्याआधी त्याला पक्ष्यांचा कलकलाट आठवे. विद्या पूर्ण करून, जहाजाचा वाटाड्या होऊन तो घरी परतला, तेव्हा बेटावरचे आकाश रिकामे होते. किनाऱ्यावर कुठेकुठे एखादे घरटे उरले होते.

"मामा, पक्षी कुठे गेले?" त्याने आईच्या भावाला, पिलिंदाला विचारले.

"जहाजांवर विकले. तुला तक्षशिलेला कोणी पोचवलं असं वाटतं, वाऱ्याने?"

सुवेल किनाऱ्यावर जाऊन उरलेली घरटी मोजू लागला.

त्याच वर्षी राजा समुद्रपर्यटनाला निघाला आणि सुवेल त्याच्या जहाजाचा वाटाड्या झाला. परतताना दाट धुके पडले. सूर्य दिसेना, तारे दिसेनात, पिण्याचे पाणी संपत आले. पिंजऱ्यात एकच पक्षी जिवंत उरला होता. सुवेलाने त्याला हातावर घेतले, तर पिसांखाली नुसती हाडे लागली. पक्षी उडाला, लाटेवर पडला, पुन्हा उठला. तो जाईल तिकडे सुवेल सुकाणू वळवीत गेला. धुक्यातून बेटाची कड दिसली, तेव्हा पक्षी वाळूवर उतरला, पंख पसरून पडला आणि मग हलला नाही.

राजा किनाऱ्यावर उतरला. "सुवेल, माग. हवं ते माग."

"महाराज, आपल्याला मी नाही आणलं, ह्याने आणलं. द्यायचंच असेल तर ह्याच्या जातभाईंना द्या."

"पक्ष्यांना काय देऊ? मोती?"

"हे बेट द्या. इथे कोणी जाळं लावू नये, नांगर टाकू नये."

राजा हसला. "राजाजवळ मागून मागून वाळू मागितलीस!" पण वाळूवरच्या त्या पक्ष्याकडे पाहताना त्याचे हसू ओसरले. त्याने बेटाला अभय दिले, झोपडीवाल्यांना समोरच्या भूशिरावर जमीन आणि बी-बियाणे दिले, आणि सुवेलाने राखणदार म्हणून बेटावरच राहावे अशी आज्ञा केली.

नावाडी कुरकुरले. "आता आम्ही बंदर शोधायचं कसं?"

"भूशिरावर दिवसा धूर होईल आणि रात्री जाळ," सुवेल म्हणाला. "तो विझू देणार नाही, हा माझा शब्द."

ज्या घरासाठी तो एवढी वर्षे झुरला, ते आता जन्मभर त्याचे होते. माणसे झोपड्या उतरवीत असताना तो आनंदाने किनाऱ्यावर हिंडायला निघाला. वाळूतल्या खळग्यात एक पक्षीण अंड्यावर बसली होती. तो पाऊल न वाजवता लांबून जाऊ लागला, तरी ती उडाली. ती वळण्याआधीच घार खाली आली आणि अंडे उचलून घेऊन गेली. पक्षीण रिकाम्या खळग्यावर ओरडत फिरत राहिली. सुवेलाने आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिले. मग झोपडीतून आपले गाठोडे उचलून तो होडीपाशी आला.

"हे काय?" आई म्हणाली. "तुला तर राजाने इथंच राहायला सांगितलंय ना?"

"मीही येतो, आई. मला बघितलं की ते उडतात. राखण भूशिरावरून करीन. महाराजांना तसं सांगेन."

"उडू देत. सवय होईल त्यांना."

"सवय होईपर्यंत ते उरायला हवेत."

"वा रे शहाण्या!" पिलिंद म्हणाला. "आम्हाला उठवलंस ते उठवलंस, आता स्वतःलाही उठवलंस. ह्यासाठी शिकलास?"

सुवेलाने वल्ही हातात घेतली. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. त्यामुळे भूशिरापर्यंत सारी वाट बेट त्याच्या डोळ्यांसमोर राहिले.

पुढे तो भूशिरावरच राहिला. जाळ्यांच्या होड्या बेटाकडे वळल्या की परतवून लावी, संध्याकाळी जाळ पेटवी. अंडी फुटण्याचा महिना आला की त्याचे जेवणात लक्ष लागत नसे. कोळी म्हणत, "चल, लांबून दाखवतो." एकदा तो होडीत बसलाही होता. मग उतरून आला आणि लाकडे फोडू लागला. पक्षी वाढले की संपले, हे त्याला कळत नव्हते.

त्याचे केस पिकले. एका संध्याकाळी वारा पडला होता आणि तो जाळावर लाकडे रचीत होता. तेव्हा पाण्यापलीकडून आवाज आला. आधी त्याला वाटले, भरती असेल. पण तो कलकलाट होता, त्या अंतरावरून ऐकू यावा एवढा मोठा.

आई जवळच बसली होती. तिला आता नीट ऐकू येत नसे आणि आपण कुठे आहोत हेही कधीकधी आठवत नसे. "काय झालं रे? असा का थांबलास?"

सुवेल तिच्या कानाशी वाकला. "पक्षी, आई. आपलं अंगण भरलंय नुसतं."

"अरे, मग हाकल की! मासळी वाळत घातलीय."

"असू दे, आई," तो म्हणाला. "खाऊ देत."

जेतवनात एक तरुण भिक्षू गावाच्या आठवणीने कष्टी झाला होता. त्याला ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षू, त्या वेळचा राजा आज माझा शिष्य आनंद आहे, पिलिंद आज भिक्षू उदायी आहे, आणि ती आई ह्या जन्मी माझी माता महामाया झाली. वाळूवर पडलेला तो पक्षी तू होतास, आणि सुवेल मी होतो. घराची ओढ मला त्या जन्मी अखेरपर्यंत सुटली नाही. ती ओढ घेऊनच मी घराबाहेर राहिलो." घर सोडण्याच्या ह्या परमगुणाला नैष्क्रम्य-पारमिता म्हणतात.