इंजिनाला खोबरेल

खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. साऱ्या गावाची मिळून एकच इंजिनाची होडी होती, आणि ती चालवायचा धाकू तांडेल. त्या इंजिनावर त्याचा भारी जीव. स्वतःची आंघोळ राहील, पण इंजिन पुसायचं राहणार नाही.

नारळी पुनवेला पलीकडच्या गावाशी होड्यांची शर्यत असे आणि दुसऱ्या दिवसापासून मासेमारी सुरू होई. पुनवेच्या सकाळी धाकूने इंजिनातलं काळं तेल काढून टाकलं आणि घरचं खोबरेल ओतलं. म्हणाला, "सणाला देवाला नारळ, न् माझ्या इंजिनाला काळा चिखल? नाय चालायचा!"

त्याची बायको चांगुणा म्हणाली, "अवो, त्याची काय वेणी घालायची हाय? त्याला त्याचाच तेल लागतो."

पण कौतुकात बुडालेल्या माणसाला कमीच ऐकू येतं.

आता इंजिनाचं काम कसं, तर त्याच्या पोटात दट्ट्या हवा दाबतो. दाबून ती इतकी तापते, की डिझेलचा फवारा उडताच भडका होतो. वेगळी ठिणगीही लागत नाही. भडका दट्ट्याला ढकलतो आणि त्या जोरावर पाण्यातला पंखा फिरतो. तेल यात कुठेच मिरवत नाही. ते फक्त लोखंडाला लोखंड घासू देत नाही. खोबरेल केसांना उत्तम, पण असल्या भट्टीत ते टिकायचं कसं?

शर्यतीत धाकूची होडी पुढे होती. शर्यत संपते तिथला बावटा हाकेच्या अंतरावर आला आणि इंजिन आतून खडखडू लागलं. सोबतचे खलाशी ओरडले, "ताण, तांडेल! आलाच बावटा!"

धाकूने बावट्याकडे पाहिलं. मग किनाऱ्यावर जमलेल्या गावाकडे पाहिलं. उद्यापासून त्या सगळ्यांच्या चुली याच इंजिनावर पेटायच्या होत्या. त्याने इंजिन बंद केलं.

पलीकडची होडी हसत हसत पुढे गेली. धाकू वल्ही मारत किनाऱ्याला आला आणि सर्वांदेखत म्हणाला, "खोबरेल मीच घातला. चूक माझी. शर्यत गेली, पन इंजिन वाचला."

चांगुणा इंजिनाच्या तेलाचा नवा डबा घेऊन उभीच होती. खोबरेल काढलं, तेल भरलं, हॅन्डल मारलं. इंजिन पहिल्याच फटक्यात धडधडू लागलं आणि सारा किनारा ओरडून उठला.

गावचा म्हातारा पाटील छाती फुगवून म्हणाला, "बावटा नेला त्यांनी. पन असला तांडेल हाय का त्यांच्याकडं?" मानाचा नारळ त्याने धाकूच्या हाती दिला.

धाकू तो इंजिनापुढे फोडायला वाकला, तशी चांगुणा म्हणाली, "पानी भायेरच सांडा हां!"

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याला आपल्या हौसेचं नव्हे, त्याच्या गरजेचं द्यावं, आणि चूक कळली की जिंकता जिंकताही थांबावं, त्यातच खरा मान आहे.