शिवेवरचा हैबती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका, पाटलाच्या शब्दापुढे गावात दुसरा शब्द नव्हता तेव्हाची. निंबारी गावात हैबती नावाचा एक बहुरूपी होता. तो कधी शिपाई होई, कधी सासुरवाशीण होई, आणि लोक पोट धरून हसत. पण एकदा त्याने म्हाळोजी पाटलाचं सोंग घेतलं आणि सगळा घोळ झाला.

पागोटं तेच, मिशी तीच, खाकरणंसुद्धा तेच. असं म्हणतात, की पाटलाचं कुत्रं त्याच्यापुढे शेपूट हलवत गेलं आणि खुद्द पाटलीणबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. हा खोटा पाटील चावडीवर बसला की गाव गोळा होई. कुणी विचारी, पाटाचं पाणी आमच्या रानात का येत नाही? हैबती पाटलाच्याच आवाजात सांगे, "कारण ते आधी माझ्या उसाला लागतं, बाबा!" लोक हसत आणि हसता हसता शहाणे होत.

म्हाळोजी पाटलाच्या पोटात दुखायला लागलं. खरं बाहेर पडतंय याचा राग होताच, पण त्याचा जळफळाट होत होता तो वेगळ्याच गोष्टीने. आपल्यासमोर माना खाली घालणारी माणसं त्या सोंगाकडे डोळे वर करून बघतात, त्याला घरची भाकरी नेऊन देतात. आपल्याला कधी कुणी भाकरी आणली? तेच पागोटं, तीच मिशी, मग माया तेवढी त्याच्याच वाट्याला का? मत्सराने त्याला जेवण जाईना.

त्याने हैबतीला बोलावून बजावलं, "माझं सोंग बंद. गावात तोंड उघडलंस तर जीभ छाटीन."

"सोंग आत्ता उतरवतो, पाटील," हैबती म्हणाला. "पन लोकांनी इचारल्यालं कुठं उतरवू?"

तो शिवेबाहेर जाऊन एका धोंड्यावर बसला. झालं! सगळं गाव उठून शिवेवर. चावडीत पाटील एकटाच माश्या मारत बसला.

शेवटी एका तिन्हीसांजेला न राहवून तो स्वतःच शिवेवर गेला, त्या मेल्यात एवढं काय आहे ते बघायला. हैबती ओढ्यावर पाणी प्यायला गेला होता. लोकांना वाटलं, हैबती पुन्हा पाटील होऊन आला! त्यांनी त्याला हाताला धरून धोंड्यावर बसवलं, हातावर भाकरी ठेवली. पाटलाला भरून आलं.

मग सगुणा तेलीण पुढे झाली. "बोला पाटील, दुष्काळासाठी पेवात पुरल्याली गावाची जवारी कुठं गेली?"

"उंदरांनी खाल्ली," पाटील सवयीने म्हणाला.

लोक हसून लोळले. "अगदी खऱ्या पाटलावानी बोललास रं!" सगुणा डोळे पुसत म्हणाली. "आता तुझ्यावानी बोल."

पाटलाने हातातल्या भाकरीकडे पाहिलं. ती त्याला सोडवेना.

"माझ्या कोठारात गेली," तो म्हणाला. "उद्या येऊन घेऊन जा."

हैबती ओढ्यावरून परत आलाच नाही. असं म्हणतात, की वाळूत त्याची पावलं अर्ध्यावरच संपली होती. काही जण तर छातीठोक सांगतात, की पाटील त्या दिवशी घरी तापाने फणफणला होता आणि धोंड्यावर हैबतीच होता. पण दुसऱ्या दिवशी कोठार उघडलं गेलं, एवढं खरं.

निंबारीत आजही अक्षय्य तृतीयेला सरपंचाला हैबतीच्या धोंड्यावर बसवतात. आधी हातावर भाकरी ठेवायची, मग प्रश्न. कुणीही काहीही विचारावं. शेवटचा माणूस उठेपर्यंत सरपंचाने उठायचं नाही. गेल्या साली सरपंचबाई तिथे घामाघूम होऊन बसल्या होत्या. टाकी बांधली, मग नळाला पाणी का नाही, असं विचारणारी बाई त्यांची स्वतःची सासू होती.